हॅकरला माउस लागत नाही

रविवारी रात्री जेवणं उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. हिंदी सिनेमा होता. नाव सांगत नाही, कारण हा प्रसंग सगळ्याच सिनेमांत असतो. खलनायकाच्या काचेच्या ऑफिसात नायिका शिरली, त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने पासवर्ड मारला. चूक. दुसरा मारला. चूक. बाहेर बुटांचा आवाज. मग तिची नजर टेबलावरच्या फोटोकडे गेली. फोटोत खलनायकाची लहान मुलगी. नायिकेने मुलीचं नाव टाइप केलं आणि स्क्रीनभर हिरव्या अक्षरांत 'ॲक्सेस ग्रँटेड' उमटलं. अक्षरं एवढी मोठी, की तशी पाटी एस.टी.ला लावली असती तर मोतीबिंदूवाले आजोबाही गाडीला हात करायला वेळेत उठले असते.

"तुम्हाला येतं का हो असं?" बायकोने विचारलं.

मी गेली २२ वर्षं एका पतसंस्थेच्या संगणक विभागात नोकरी करतो. विभाग म्हणजे मी आणि एक एसी. त्यातला एसी सर्व्हरसाठी आहे. "येत नाही" म्हणावं, तर मग पगार कसला घेता, असा चेहरा होतो. "येतं" म्हणावं, तर शेजारी बसलेला मेहुणा तिथल्या तिथे कुणाचं तरी व्हॉट्सॲप उघडून मागणार. मागे एका लग्नात एका गृहस्थांनी मला मांडवाच्या मागे नेलं आणि होणाऱ्या जावयाचं फेसबुक 'आतून' बघता येईल का, म्हणून विचारलं. 'आतून' हा त्यांचा शब्द. मी म्हटलं, काका, मुलाला एकदा चहाला बोलवा आणि समोरच विचारा. पलंग करायला बोलावलेल्या सुताराने चटईवर झोपायचा सल्ला द्यावा, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हे सगळं सिनेमाचं देणं. सिनेमातला कॉम्प्युटर ही मुळात वेगळी जात आहे. त्याला माउस लागत नाही. हॅकर नुसता खडाखडा टाइप करतो, तेही स्क्रीनकडे न बघता, शेजारच्या सुंदर सहकारी बाईंशी बोलत. त्याच्या हातून एक अक्षर चुकत नाही. माझ्या कीबोर्डवरचं सगळ्यात झिजलेलं बटण बॅकस्पेसचं आहे. त्याच्या कीबोर्डवर ते बसवलेलंच नसावं. प्रत्येक अक्षराला टिक, खिडकी उघडली की हुश्श, नकाशा फिरला की टुईं. आमच्या ऑफिसातला एक कॉम्प्युटर असा वाजायला लागला असता, तर दुपारच्या डब्याच्या आत कुणीतरी त्याच्या स्पीकरची वायर कापली असती.

आणि तो भरत जाणारा पट्टा! सिनेमात तो आज्ञाधारक असतो. फाइल पेनड्राइव्हवर उतरताना ९७ टक्क्यांवर खलनायकाचा हात दाराच्या मुठीवर, ९८ वर मूठ फिरते, १०० झाले की नायक खिडकीबाहेर. खरा पट्टा ९९ वर जाऊन बसतो. खाली 'अंदाजे दोन मिनिटं' असं लिहिलेलं असतं, त्याचे चार तास होतात, मग पुन्हा दोन मिनिटं. खऱ्या आयुष्यात खलनायक आत आला असता, त्याने खुर्ची ओढली असती, आणि दोघांनी मिळून पट्ट्याकडे बघत चहा घेतला असता.

१९९६ सालच्या 'इंडिपेन्डन्स डे' या सिनेमाची तर मी हाय खाल्ली आहे. दुसऱ्या कुठल्या तरी सूर्यमालेतून शहराएवढी यानं येतात, व्हाइट हाउस उडवतात, आणि जेफ गोल्डब्लम एक ॲपलचा पॉवरबुक घेऊन त्यांच्या मुख्य यानात जातो आणि व्हायरस सोडतो. जोडला! लगेच जोडला! कुठली केबल, कुठली व्हर्जन, कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडे नवा प्रिंटर आला तेव्हा तो आणि कॉम्प्युटर एकाच टेबलावर होते, दोघंही पृथ्वीवरच तयार झालेले होते, तरी त्यांची ओळख पटायला साडेतीन दिवस लागले. तोवर संस्थेची सगळी पासबुकं हाताने भरली. सिनेमात वापरलेला तो लॅपटॉप होता पॉवरबुक ५३००. या मॉडेलच्या सुरुवातीच्या बॅटऱ्या पेट घेतात, म्हणून १९९५ मध्ये ॲपलला त्या परत मागवाव्या लागल्या होत्या. म्हणजे व्हायरस लिहायची दगदग कशाला? लॅपटॉप चार्जिंगला लावून यानात विसरून यायचं.

अमेरिकेतल्या 'एनसीआयएस' या मालिकेत एकदा हॅकरचा हल्ला येतो आणि तो परतवायला दोन माणसं एकाच कीबोर्डवर टाइप करायला बसतात. चार हात, एक कीबोर्ड. आमच्या घरात असा प्रकार झाला की एकजण रडतो आणि दुसऱ्याला खोलीबाहेर काढावं लागतं. तिथे शेवटी त्यांचे साहेब येऊन वायरच उपटतात, आणि तेवढं एक मला अस्सल वाटलं. आमचे हेडक्लार्कही हाच उपाय करतात. पंख्यावरसुद्धा.

स्क्रीनवरून धावणाऱ्या त्या मजकुरात काय असतं, हे थांबवून वाचण्याचा मला नाद आहे. १९८४ च्या 'टर्मिनेटर'मध्ये २०२९ सालातून आलेल्या यंत्रमानवाच्या डोळ्यांपुढे जो प्रोग्रॅम सरकतो, तो ॲपल टू नावाच्या तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरचा आहे, 'निबल' नावाच्या मासिकात छापून आलेला. म्हणजे मानवजातीचा संहार करायला निघालेला प्राणी डोक्यात दिवाळी अंक घेऊन फिरतो आहे. 'मेट्रिक्स'मधली ती हिरवी, पावसासारखी वरून खाली पडणारी अक्षरं तर आपल्याच बायकोच्या जपानी पाककृतींच्या पुस्तकातून घेतली, असं ती रचणाऱ्या सायमन व्हाइटली यांनीच सांगून टाकलं आहे. सगळं विश्व ज्या सांकेतिक लिपीवर चाललंय, ती सुशीची कृती! उद्या आपल्याकडच्या कुणी उकडीच्या मोदकाची कृती हिरव्या रंगात वरून खाली सोडली, तर निदान आपल्या बायकांना त्यात चूक तरी काढता येईल. "पिठाला मोहन घालायचं राहिलंय बघा," असं विश्वाच्या रचनेबद्दल म्हणता येईल.

एका बाबतीत मात्र माझी फजिती झाली, ती लपवत नाही. 'जुरासिक पार्क'मध्ये डायनासोर दाराशी आलेले असताना एक लहान मुलगी कॉम्प्युटरसमोर बसते, ही युनिक्स सिस्टिम आहे, आपल्याला येते, असं म्हणते आणि स्क्रीनवरच्या ठोकळ्यांच्या गावातून उडत उडत हवी ती फाइल गाठते. हा प्रसंग मी कित्येक वर्षं थट्टेसाठी वापरला. लग्नाच्या पंगतीत, संस्थेच्या वार्षिक सहलीत, एकदा तर संगणक प्रशिक्षणाच्या व्याख्यानातसुद्धा. म्हणे ठोकळे! म्हणे उडत गेली! नंतर कळलं, की तो प्रोग्रॅम खरा होता. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीच्या यंत्रांवर तो चालायचा, फाइल्सचे ठोकळे करून त्यांवरून असंच उडत जाता यायचं, आणि त्या यंत्रांवर युनिक्सच होतं. बारा वर्षांची पोर बरोबर आणि मी चूक. त्यानंतरची सहल मी डबा धरून गप्प बसून केली.

पण सिनेमाने माझं खरं नुकसान कुठे केलं असेल, तर सोसायटीत. मागच्या पावसाळ्यात आमच्या इमारतीतून एक सायकल चोरीला गेली. कार्यकारिणीची पाच माणसं माझ्या घरी आली, कारण सीसीटीव्हीचा पासवर्ड मला ठाऊक. (कॅमेरा बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी ठेवला तोच अजून चालू आहे, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.) फुटेज सापडलं. पहाटे ३ वाजून ४२ मिनिटांनी एक आकृती सायकल ढकलत फाटकाबाहेर जाते.

"थांबवा!" सेक्रेटरी म्हणाले. थांबवलं.

"झूम करा." केलं. चेहरा आला. चेहरा म्हणजे पंधरावीस करडे चौकोन, उकडलेल्या बटाट्याच्या आकाराचे.

"अजून झूम." चौकोन मोठे झाले.

"आता क्लिअर करा."

क्लिअर करा! १९८२ च्या 'ब्लेड रनर'मध्ये हॅरिसन फोर्ड एका साध्या फोटोत आत आत शिरत जातो आणि आरशातून कोपऱ्यापलीकडची बाई शोधून काढतो. सेक्रेटरींनी 'ब्लेड रनर' पाहिलेला नाही, पण त्याची मुलं-नातवंडं सगळी पाहिली आहेत. मी परोपरीने सांगितलं, की कॅमेऱ्याने जे टिपलंच नाही ते मी कुठून आणू? आमटीत पाणी वाढवलं तर आमटी वाढते, डाळ वाढत नाही. खजिनदार म्हणाले, हल्ली एआय करतं म्हणे. म्हणून तेही केलं. एआयने अगदी स्वच्छ चेहरा दिला, दाढीचे खुंटसुद्धा दिसत होते. फक्त तो त्याने मनाने काढला होता, आणि तो बऱ्यापैकी खजिनदारांसारखा निघाला. तपास तिथेच थांबला. सायकल अजून मिळालेली नाही.

जेम्स बाँडच्या 'स्कायफॉल'मध्ये तर ब्रिटिश गुप्तहेर खात्याचा सगळ्यात हुशार कॉम्प्युटरवाला, क्यू, जगातल्या अव्वल हॅकरचा जप्त केलेला लॅपटॉप घेतो आणि थेट खात्याच्या नेटवर्कला जोडतो. व्हायचं तेच होतं. कोठड्यांची दारं उघडतात, खलनायक पसार. थिएटरात बाकीचे लोक श्वास रोखून बसले होते, मला हसू आवरेना. आमच्या ऑफिसात माझ्या सहीची पाटी आहे: 'बाहेरचा पेनड्राइव्ह लावू नये.' त्याच पाटीखालच्या कॉम्प्युटरला हेडक्लार्कसाहेबांनी मुलीच्या साखरपुड्याचे फोटो असलेला पेनड्राइव्ह लावला होता. फोटोंबरोबर आणखीही पाहुणे आले. दोन दिवस संस्थेतली सगळी फोल्डरं रिकामी दिसत होती आणि हेडक्लार्क मला विचारत होते, "फोटो तरी वाचतील ना?" तेव्हापासून क्यूबद्दल मला आपुलकी वाटते. तो आमच्यातला आहे.

सिनेमावाल्यांना हॅकिंग म्हणजे दार तोडणं वाटतं. 'सीआयडी'तला दया खांद्याने तोडतो, हे बोटांनी तोडतात, एवढाच फरक. प्रत्यक्षात येणारा माणूस बेल वाजवतो आणि आपण 'कोण?' असंही न विचारता कडी काढतो. हे एका सिनेमाला मात्र फार पूर्वी कळलं होतं. १९८३ चा 'वॉरगेम्स'. त्यातला शाळकरी मुलगा शाळेच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून आपले मार्क वाढवतो, पण त्यासाठी तो कोणतीही खडखड करत नाही. कार्टेपणाबद्दल त्याला मुख्याध्यापकांकडे पाठवतात, तेव्हा तो कचेरीतल्या टेबलापाशी चिकटवलेल्या कागदावरचा पासवर्ड वाचून घेतो. जुने पासवर्ड खोडलेले, नवा खाली लिहिलेला: पेन्सिल. पुढे तो पोरगा चुकून अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो सिनेमा पाहिला आणि काही दिवसांनी भर बैठकीत सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होऊ शकतं का? जनरल आठवड्याने चौकशी करून आले आणि म्हणाले, तुम्हाला वाटतं त्याहून परिस्थिती वाईट आहे. १९८४ मध्ये सरकारी कॉम्प्युटरांच्या सुरक्षेचा आदेश निघाला. सिनेमा बघून इतकं काही झाल्याचं हे एवढंच उदाहरण मला माहीत आहे. आमच्या मंडळींनी सिनेमा बघून फक्त केस कापून घेतले.

तो पेन्सिलचा कागद आमच्या संस्थेतही आहे. मी एकदा कडक नियम केला, की दर महिन्याला पासवर्ड बदलायचा, त्यात अंक हवा, खूण हवी. पहिल्या महिन्यात काउंटरवरच्या सगळ्यांचा पासवर्ड 'गणपती@१' झाला. दुसऱ्या महिन्यात 'गणपती@२'. चौदाव्या महिन्यात काय असेल, हे सांगायला हॅकर कशाला हवा, कुठलाही ज्योतिषी सांगेल. आणि तरीही कॅशिअरच्या मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलेली असतेच, कारण हा महिना कितवा, ते लक्षात राहत नाही.

खऱ्या दरोड्यांमध्ये काय होतं, ते मी वाचत असतो. धंद्याचा भाग आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेवर, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेवर, दरोडा पडला. न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्यासाठी ३५ हुकूम बँकेच्याच नावाने गेले. त्या सगळ्या थरारात पहिला सुगावा कशाने लागला? बंद पडलेल्या प्रिंटरने. व्यवहारांची नोंद आपोआप छापणारा प्रिंटर दरोडेखोरांनी बंद पाडला होता. सकाळी माणसं आली, प्रिंटर चालत नव्हता, आणि त्यांना वाटलं, प्रिंटरच तो, बिघडायचाच. मी हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. गेली २२ वर्षं म्हणतोच आहे. यापुढे आमचा प्रिंटर अडकला की मी कागद काढायच्या आधी न्यूयॉर्कला फोन लावावा काय?

त्या दरोड्यात ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी अडले, कारण दरोडेखोरांनी 'फाउंडेशन' या शब्दाचं स्पेलिंग चुकवलं. एवढी तयारी, एवढी हुशारी, आणि शुद्धलेखनात नापास. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंना हे कळायला हवं होतं. ऱ्हस्वदीर्घासाठी त्यांनी मला किती वेळा बाकावर उभं केलं, पण अशी २ कोटी डॉलरची भीती त्यांना घालता आली नाही.

आपल्या पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये गेले. एटीएममध्ये कार्ड घातलं, की खात्यात पैसे आहेत का, असं बँकेला विचारणारी एक यंत्रणा असते. दरोडेखोरांनी 'आहेत, आहेत, द्या' असं म्हणणारी आपली खोटी यंत्रणा मध्येच बसवली. आणि मग २८ देशांतल्या एटीएमसमोर माणसं खोटी कार्डं घेऊन उभी राहिली. काही तर आपल्या कोल्हापुरात. आता ही दृश्यं कुठला दिग्दर्शक घेईल? चष्मा लावलेला, कुबड काढलेला खलनायक कुठेच नाही. हिरवी अक्षरं नाहीत. नुसती माणसं कार्ड घालताहेत, पिन दाबताहेत, नोटा मोजताहेत, मागच्याने घसा खाकरला की पुन्हा कार्ड घालताहेत.

२०२० मध्ये आलेल्या 'जामतारा' या मालिकेत तर हॅकरच्या हातात साधा मोबाइल आहे आणि तो फक्त बोलतो. ती बघितल्यावर मी साताऱ्याच्या सासूबाईंचे क्लास घेतले. दर शनिवारी फोनवर, अर्धा तास. बँकेतून फोन आला तर ठेवून द्या. केवायसी म्हटलं की ठेवून द्या. वीज तोडतो म्हणाले तर मेणबत्ती शोधा, पण ठेवून द्या. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही म्हणजे कुणालाही, अगदी मी मागितला तरी. आवाजावर जाऊ नका, हल्ली कुणाचाही आवाज काढता येतो. सासूबाईंनी हे सगळं वहीत उतरवून घेतलं, विष्णुसहस्रनामाच्या मागच्या पानावर.

तर त्या रविवारी. मध्यंतरानंतर नायिका खलनायकाचा उपग्रह बंद करायला बसली होती. शहरावर क्षेपणास्त्र पडायला ४० सेकंद. तिचं बोट एंटरच्या वर, आणि टीव्हीवर काळी पाटी: 'तुम्ही लॉग आउट झाला आहात.' मेहुण्याने रिमोट घेतला आणि बाणांनी एकेक अक्षर गाठत पासवर्ड टाइप करायला सुरुवात केली. अक्षर चुकलं, मागे गेला, सगळंच पुसलं. दुसऱ्यांदा कॅपिटल राहिलं. तिसऱ्यांदा त्याने नायिकेसारखीच घरातल्या एका फोटोकडे नजर टाकून मुलीचं नाव घातलं, आणि ॲपने तीस मिनिटांसाठी कुलूप लावलं. खाली एकच वाट उरली: ओटीपी मागवा. मागवला. तो गेला साताऱ्याला, कारण हे ॲप सासूबाईंच्या रिचार्जवर फुकट मिळालेलं.

मी फोन केला. "आई, आत्ता सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा."

पलीकडे शांतता. वहीची पानं उलटल्याचा आवाज.

"जावईबापू, तुम्हीच सांगितलं होतंत ना, तुम्ही मागितला तरी द्यायचा नाही?"

बायकोने फोन ओढून घेतला. "आई, अगं मी आहे!"

"आवाज हल्ली कुणाचाही काढता येतो," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवून दिला.